तीन बुकांतली मैना

पुंजाजी कोतवालाने अक्षरं गिरवली ती चाळिशीत. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, ते ध्यानात ठेवायचं त्याने आणि लिहायचं दुसऱ्याने, ही बापापासूनची रीत त्याला टोचायची. गुरुजींनी वर्षभर हात धरून शिकवलं, आणि कोतवाल-बुक तो आपल्या हाताने लिहू लागला. मूळ बुक गावात, महिन्याअखेर एक नक्कल ठाण्यात, दुसरी तहसिलीत. तिन्ही जागी एकच लिहिलेलं असलं की ते खरं धरायचं.

एकोणीसशे सहासष्टच्या जूनमध्ये त्याच्या मैनाला अमरावतीच्या दवाखान्यातून पत्र आलं. नर्सचं शिक्षण, सोमवारी मुलाखत, सोबत जन्माचा उतारा आणावा. शाळेतली तारीख अंदाजाची, ती चालणार नव्हती. उतारा नाही तर जागा दुसरीला.

गुरुवारी बापलेक तहसिलीत गेले. महादेवराव कारकुनांनी गठ्ठा सोडला, जन्मांत नाव सापडेना म्हणून मौतींच्या पानांवर बोट फिरवलं, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"पुंजाजी, ही तर मेली."

"कोन?"

"मैना, बापाचं नाव पुंजाजी. वय दोन वर्षं, गोवर. अठ्ठेचाळीस सालचा श्रावण."

पुंजाजीने गठ्ठ्यावर वाकून पाहिलं. ती नोंद त्यानेच लिहिली होती. पहिली मैना गेली तेव्हा त्याला लिहिता येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. पुढच्या साली सुभद्राला पुन्हा मुलगीच झाली. गेलेल्या लेकराचं नाव मागून आलेल्याला द्यायचं, अशी त्यांच्या घरची चाल. सुभद्रा बाजेवरून म्हणाली, "आली पाहा माही मैना परत." पुंजाजीला तेच खरं वाटलं. परत आली तर मेली कशाची? त्याने बुक उघडलं आणि नवा जन्म लिहायच्या ऐवजी जुन्या मौतीवर आडवी रेघ मारली. रेघ त्याच्या एकट्याच्या बुकात राहिली. नकला तर कधीच गेल्या होत्या.

"बाबूसाहेब, हे पाहा ना, तुमच्यासमोर उभी हाये."

"मले दिसून राहिली. बुकाले दिसत नाही ना!" महादेवराव म्हणाले. "ठान्यातली नक्कल दुरुस्त करून आन, मंग पाहू."

शुक्रवारी ठाण्यात जमादाराने नक्कल काढली आणि तशीच मिटवली. "तहसिलीत मेली आन माह्याकडं जिती, असं कसं चालीन? आदी त्याइचा हुकूम आन."

शनिवारी पुंजाजी आपलं बुक काखेत मारून पुन्हा तहसिलीत आला. मैना मागे, हातात पत्र.

महादेवरावांनी रेघ उजेडात धरून पाहिली. "हे कोनं मारली?"

"मीच."

"कोनाच्या हुकमानं?"

पुंजाजीने बोटाने रेघ पुसल्यासारखी केली.

"दोन बुकं म्हनतात मेली, एक म्हनते जिती. आन जे जिती म्हनते ते बापाच्या हातचं. कोन मानीन रे?" त्यांचा आवाज खाली आला. "साहेबाच्या नजरेस पडलं तर तुही कोतवाली जाईन. आयक. ते मौत पुन्हा लिही, सही कर. तिन्ही बुकं एक झाले का मंग या पोरीच्या जन्माचा वेगळा अर्ज. पंच येतीन, चौकशी होईन, हुकूम निंगीन."

"किती दिवस?"

"दिवाळी धर."

"सोमवारी बलावलं हो तिले!"

"मंग मी काय करू? मी बी नवकरच हावो."

जन्माच्या वेळची सुईण पार्बताबाई वारून सहा वर्षं झाली होती. पंच तरी कुठून आणायचे, ते पुंजाजीला कळेना. त्याने टाक उचलला, परत दौतीत ठेवला. अठरा वर्षं गावातली प्रत्येक मौत त्यानेच लिहिली होती.

"माह्याच्यानं नाही होत, बाबूसाहेब. पोरगी बाजूले उभी हाये."

मैना पुढे आली. दौत तिने त्याच्याजवळ सरकवली.

"लिवा बा. मी गेली नव्हती कुठी. गेली ते दुसरी होती. तिले तुमी मरूच नाही देल्लं."

पुंजाजीने तिच्याकडे पाहिलं. सतरा वर्षं तो हिला हाक मारत होता, आणि ओ येत होती ती दोघींची. आज पहिल्यांदा त्याला त्या गेलेल्या लेकराच्या तोंडाची आठवण वेगळी झाली. अंगभर पुरळ, आणि पाणी मागणारे ओठ.

त्याने लिहिलं. गुरुजींनी त्याच्या स्वतःच्या नावानंतर शिकवलेलं पहिलं नाव हेच होतं. पाटी घेऊन बसायचा तेव्हा मांडीवर ती पहिली मैनाच असायची.

महादेवरावांनी शाई टिपली, नक्कल शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडली. "हं. जुळलं."

बाहेर अमरावतीची मोटर लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मैनाने पत्राची चौघडी करून पिशवीत तळाशी घातली आणि बापाच्या काखेतलं बुक आपल्या हाती घेतलं.

"चाला बा. आपल्या गावाकडची, बार्शीटाकळीची गाडी तिकडं लागते."