गहिनीनाथचा कोयता

"ताई, तुम्ही सांगितलेली बाई गरोदर नाहीच. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय तिचं."

काष्टीहून पुष्पावती सिस्टरांचा फोन होता. सकाळचे अकरा वाजले होते. मी मिरजगावात, खताच्या दुकानावरच्या आमच्या संस्थेच्या खोलीत बसले होते आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

समोर रक्ताचा रिपोर्ट होता. निकिता गहिनीनाथ, वय एकोणीस, पहिलटकरीण, हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ. बाळंतपणाची तारीख आठ दिवसांवर. बाईच्या अंगात अकरा तरी पाहिजे. पाच-आठवर फडाकडेच्या पाचटाच्या खोपटात, कोपीत, बाळंत झाली आणि नेहमीपेक्षा ओंजळभर रक्त जास्त गेलं, तर ती तिथंच संपते. डॉक्टर यायच्या आत संपते.

आम्ही दिवाळीआधी वाड्यावस्त्यांवर जाऊन रक्त तपासतो. रिपोर्ट येईस्तोवर टोळ्या ऊसतोडीला निघून जातात. मग मी बसते फोन घेऊन. कुठली गरोदर बाई कुठल्या कारखान्याला गेली ते शोधायचं, तिथल्या सिस्टरला कळवायचं, गोळ्या, सुई, गाडी, रक्त बघायचं. हे काम फोटोत येत नाही. फोटोत येतात ते फीत कापणारे. येऊ द्यात. पण त्या दिवशी चूक फीत कापणाऱ्यांची नव्हती. माझी होती.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या कागदावर कोयत्याला नाव पुरुषाचं. बाई त्या नावातच आली, वेगळी लिहायची कशाला! वीस वर्षं मी मीटिंगांतून ओरडत आले की बाईचं नाव लिहा. आणि यंदा घाईत बन्सी मुकादमाचा कागद मी स्वतः जसाच्या तसा उतरवून घेतला. गहिनीनाथ, कोयता एक, काष्टी. त्याच वाडीत दुसरा गहिनीनाथ होता. नाथांच्या मुलखात एका वाडीत दोन गहिनीनाथ निघणारच, हे शेंबड्या पोराला कळतं. दोन ओळी खाली तो होता सुद्धा. गहिनीनाथ धाकला, कोयता एक, आणि गावाची जागा कोरी.

मी नुसतं 'गहिनीनाथची बायको' एवढंच कळवलं होतं. ती सापडेपर्यंत सिस्टर बिचाऱ्या तीन खेपा फडात जाऊन आल्या. चुकीच्या बाईसाठी. तीन आठवडे मी 'काम झालं' म्हणून निवांत जेवत होते.

बन्सीला फोन लावला.

"धाकला गहिनीनाथ कुठं उतरवला?"

"का वं मॅडम? कारखाना बदलला त्येचा."

"कुठला कारखाना?"

"आता काय सांगावं, टोळ्या हिकडं तिकडं हुत्यात."

"बन्सी, त्याच्या बायकोला दिवस भरलेत. अंगात रक्त नाही."

"आमच्या बायांला सवय हाय. तुमी तिला उचलून न्ह्याल आन् माझा हुईल अर्धा कोयता. एकटा गडी काय तोडील? तुमचं बरंय, पंख्याखाली बसून माया करायची."

फोन कट. परत लावला तर बंद.

मी सिस्टरांना फोन केला. "त्या बाईला विचारा, दुसरा गहिनीनाथ कुठंय. पाया पडते."

"इथंच आहे ती. घ्या, बोला."

पलीकडून खणखणीत आवाज आला. "धाकल्याची टोळी व्हय? ती राहुरीकडं गेली की. मुळा धरणाच्या कालव्याकडंला हायत्या कोप्या. निकीचा फोन आल्ता मागल्या आठवड्यात, सासूच्या फोनवरनं. आता तो बी लागंना. बाई, तुमाला त्या निकीला गाठायचं हुतं, आन् मला सुई टोचाया बघत हुता?" ती हसली. मला हसू आलं नाही.

मुळेचा कालवा काय गल्ली आहे? कोसच्या कोस ऊस, आणि शेकडो कोप्या. कोपीला नंबर नसतो. सरकारी नकाशात ती नसते, सहा महिन्यांनी उसाबरोबर तीही उठते.

डोकं धरून बसले. मग वाढं आठवलं.

ऊस तोडला की शेंड्याचा हिरवा पाला राहतो, ते वाढं. तोडणाऱ्या बाया सकाळी त्याच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन जवळच्या गोठ्यांवर विकतात. मुकादम काहीही लपवील, पण म्हशीला वाढं लागतंच. कोण बाई कुठून येते, कधी येत नाही, हे गोठेवाल्याला बरोबर माहीत असतं. आणि गोठेवाला दूध घालतो ते संकलन केंद्रावर. राहुरीकडच्या एका केंद्रावर अमृत बसतो. मागं त्याच्या बहिणीच्या औषधापायी ओळख झाली होती.

"अमृत, तुझा दुधवाल्यांचा ग्रुप आहे ना मोबाईलवर? आत्ता बोलून टाक. पोटुशी पोरगी, एकोणीस वर्षांची, कर्जतकडची, वाढं विकायला कुणाकडं येत होती?"

"टाकतो ताई. पण दुपारचं समदे आडवे झालेले असत्यात."

"उठव."

बारा वाजून गेले. साडेबारा. मी त्या रिपोर्टवर बोट आपटत होते. पाच पॉइंट आठ. पाच पॉइंट आठ. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरचेही उसालाच गेलेले. ती जाणार कुठं?

एक वाजायला पाच मिनिटं असताना अमृतचा फोन. "आबासाहेब म्हणून हायत कालव्यापाशी. त्यांच्याकडं यायची अशी पोरगी. परवापासनं आली न्हाई. सासू येती आता पेंढ्या घेऊन. आबासाहेब गाडीवर निघालेत कोपीकडं."

वीस मिनिटांनी आबासाहेबांच्या फोनवर म्हातारी बोलली. झुंबरबाई. आवाजात धाप होती.

"कोन वं तुमी?"

मी या खेपेला आधी तेच विचारलं. "आजी, सुनेचं नाव काय?"

"निकी. निकिता. का?"

"पोटात दुखतंय का तिच्या?"

"सकाळपास्नं दुखतंय. व्हतं तसं. माझी चार बाळंतपनं कोपीतच झाली, कुनी फोन न्हाई केला."

"लेक कुठंय तुमचा?"

"गाडी भरून कारखान्यावर गेलाय. नंबर लागल्याबगर येत न्हाई. त्येला इचारल्याबगर मी काय करू?"

इथं भांडून उपयोग नव्हता. भांडले असते तर म्हातारीनं फोन देऊन टाकला असता.

"आजी, माझं एक ऐका. तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं खाली ओढा. आत काय रंग दिसतो ते सांगा. मग तुमच्या मनात येईल ते करा."

पाचोळ्यावर पावलं वाजली. कुत्रं भुंकलं. पोरगी कण्हली, ते मला मिरजगावात ऐकू आलं.

"आजी?"

"पांढरी फटक हाय वं बाई." म्हातारीचा आवाज पार बदलला होता. "वल्या कागदावानी. चुलीम्होरं लाल दिसायची, म्या म्हनलं चांगली हाय... गाडी बलवा. लौकर बलवा."

एकशे आठला फोन केला. "पत्ता सांगा मॅडम." पत्ता! मी सांगितलं, कालव्याचा पूल, तिथं एक माणूस मोटारसायकल आडवी लावून उभा असेल, रस्त्यावर वाढ्याच्या दोन पेंढ्या टाकलेल्या असतील, तोच पत्ता. आबासाहेब उन्हात पाऊण तास उभे राहिले. तोवर नगरमध्ये आमच्या संस्थेचा करण दोन रक्तदाते घेऊन रक्तपेढीत पोचला होता. रक्तगट त्याच रिपोर्टवर होता, जो मी तीन आठवडे चुकीच्या ओळीला जोडून ठेवला होता.

गाडी राहुरी सोडून नगरच्या रस्त्याला लागली आणि बन्सीचा फोन आला. आता बरा चालू झाला.

"मोडला ना माझा कोयता?"

"गप बस," मी म्हणाले. "ती पोरगी जगली तर तुझ्याशी बोलेन. मेली तर पोलिसांसमोर बोलेन."

पावणेचारला करणचा फोन. गाडीतून उतरवताच बाळंत झाली. मुलगी. रक्त थांबत नव्हतं. पहिली पिशवी लावलीय, दुसरी येतेय. मी 'बरं' म्हणाले. साडेपाचला परत फोन. थांबलं. शुद्धीवर आहे, पाणी मागतेय. सासू पायाशी बसलीय, कुणाला जवळ येऊ देत नाही.

मी रडले. लपवण्यासारखं काही नाही त्यात. पण रडून चूक निस्तरत नाही. पाच तास उशीर झाला असता तर ती पोरगी माझ्या वहीमुळं मेली असती. बन्सीच्या लबाडीमुळं नंतर, आधी माझ्या वहीमुळं.

मी वही उघडली. बन्सीची पानं काढली. चाळीस कोयते, चाळीस पुरुष. वरच्या गहिनीनाथच्या ओळीवर आले आणि लक्षात आलं, सकाळी जिनं मला राहुरी सांगितली, तिलाही मी नाव विचारलं नव्हतं. पुष्पावती सिस्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, पूजा. लिहिलं.

मग बन्सीला लावला.

"बाकीच्या अडतीस बायकांची नावं सांग."

"बायांची नावं मला कशाला ठावं असतील? मी मुकादम हाय."

"मग कोप्यांवर जा आणि विचार. कितवा महिना तेही विचार. नाहीतर नऊ महिने भरलेली बाई तू लपवलीस, हे सगळं लिहून उद्या कलेक्टर कचेरीत देते. माझं अक्षर चांगलंय."

तो शिव्या पुटपुटला. मी ऐकून घेतल्या. फोन ठेवला नाही, त्यालाही ठेवू दिला नाही. चपला वाजल्या. कुठंतरी भाकरी थापल्याचा आवाज आला.

"ए," बन्सी कुणावर तरी खेकसला, "नाव काय गं तुझं?"

थापणं थांबलं.

"कशापायी?" बाईनं विचारलं.

"लिवायचंय म्हनं."

मी पेन घेऊन बसले होते.

"चांगुणा," ती म्हणाली. "आन् मला सातवा म्हयना हाय."