दुपट्याचे चाळीस ग्रॅम

एक पारडे, दोन दांड्या, दोन सरकती वजने, शून्य साधणारा एक स्क्रू आणि चार रबरी पाय. पायांपैकी एक झिजला आहे, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी असते. लहान दांडीवर शंभर रेघा आहेत, दर रेघ दहा ग्रॅमची. त्यांतल्या सत्त्याण्णव अजून स्पष्ट दिसतात. मित्रांनो, एवढे सगळे जोडले की मी होतो. मी बाळांचे वजन करणारा एक जुना काटा आहे.

मी भित्रा आहे, हेही आधीच सांगून टाकतो. वजन ठेवल्यावर माझी दांडी वरखाली थरथरते, तेव्हा लोकांना वाटते की मी तोल शोधतो आहे. ते खरेच आहे. पण त्या वेळी मला भीतीही वाटत असते. मला आकड्याशिवाय दुसरे काही बोलता येत नाही, आणि माझा आकडा ऐकायला आलेली माणसे श्वास रोखून उभी असतात.

मला एका छोट्या कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने बनवले. माझ्या दांडीखाली पोलादाची एक बारीक धार आहे. सगळा तोल त्या धारेवर असतो. ती त्याने कानस मारून, भिंगातून बघून, पुन्हा कानस मारून तयार केली. मग पारड्याच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांत एकच वजन ठेवून पाहिले. पाचही वेळा मी तोच आकडा सांगितला. "हा खोटं बोलायचा नाही," तो शेजारच्याला म्हणाला. "बोललाच, तर याच्या अंगावर नको ते कुणीतरी ठेवलंय असं समजा."

मग आरोग्य केंद्रात माझी कामाची वर्षे सुरू झाली. रडणारी, लाथा झाडणारी, पारड्यातच शू करणारी हजारो बाळे मी तोलली. "आमचा काटा म्हणजे काटा," असे तिथले डॉक्टर पाहुण्यांना सांगत. पुढे विजेवर चालणारा, पटकन आकडे दाखवणारा काटा आला आणि मला अडगळीच्या खोलीत हलवले. माझ्या पारड्यावर फिनेलच्या बाटल्या ठेवल्या गेल्या. कित्येक वर्षे मी फिनेल तोलत होतो, आणि ते किती भरले हे मला कोणी विचारले नाही.

एका बुधवारी केंद्रातल्या नर्सबाईंनी बाटल्या उतरवल्या, माझी धार पुसली आणि मला एका घरी नेले. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची ती खोली होती. घरात किल्लीवाला, त्याची बायको, त्याची आई आणि हॉस्पिटलातून त्याच दिवशी घरी आलेली एक मुलगी होती. दिवस भरायच्या आधीच ती जन्मली होती. तिचे नाव अजून ठेवले नव्हते. बाप तिला ठिपकी म्हणत असे.

नर्सबाईंनी पारड्यावर पिवळे दुपटे अंथरले, स्क्रू फिरवून शून्य लावले आणि मग ठिपकीला ठेवले. मी सांगितले: एक किलो आठशे वीस.

"नीट ऐका," नर्सबाई म्हणाल्या. "शून्य दुपट्यासकट लावलंय, म्हणून हेच दुपटं वापरायचं. रोज सकाळी आधी रिकामं दुपटं ठेवून शून्य बघायचं, मग बाळ ठेवायचं. दर दोन तासांनी चमच्यानं दूध. झोपली असली तरी उठवायचं."

"झोपेतून उठवायचं?" आजी म्हणाल्या. "भूक लागली की रडेल की."

"इतकं लहान बाळ भुकेनं रडत नाही, आजी. ते नुसतं झोपत जातं."

मग किल्लीवाल्याच्या बायकोने विचारले, "आणि वजन नाही वाढलं तर?"

"पुढच्या शुक्रवारी सकाळी मी येते. अठराशे वीसच्या वर हवं. नसलं, तर हॉस्पिटलात परत."

तिने मान हलवली, पण तिचा हात माझ्या पारड्याच्या कडेवर होता आणि त्याचा कंप माझ्या धारेपर्यंत पोचला. नंतर मला कळले की तिचे पहिले बाळ हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत होते आणि तिथून घरी आले नव्हते. डॉक्टरांनी शर्थ केली होती. तरी त्या काचेची तिला धास्ती होती, आणि आता ती मलाही वाटू लागली.

पुढचे तीन दिवस मी एकच आकडा सांगितला: अठराशे दहा. गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी. दांडी थांबली की आई एकदा डोळे मिटून घेई आणि पुन्हा उघडून बघे. तेवढ्यात आकडा बदलेल अशी तिची आशा असावी.

"रोज रोज काय तोलायचं?" आजी म्हणाल्या. "पोर आहे का बटाटा? प्रभूवर भरवसा ठेव."

"भरवसा आहे, आई. पण मला आकडापण हवाय."

"आकडा बघून बघून तुझं दूध आटेल."

"आटलं तर तेही तोलू," किल्लीवाला म्हणाला. कोणी हसले नाही. तो जिना उतरून दुकानात गेला.

आजी रागाने बोलत असल्या, तरी आतून त्याही घाबरल्या होत्या. त्या खिडकीपाशी गुडघे टेकून मोठ्या मोठ्या प्रार्थना करत. त्यांत ठिपकीबरोबर चर्चची सगळी मंडळी, सगळे आजारी, सगळे प्रवासी येत. शनिवारी दुपारी सूनबाईचा डोळा लागला असताना त्यांनी पेटीतून आपल्या नवऱ्याचा पितळी क्रूस काढला. तो वरच्या कडीपासून खालच्या टोकापर्यंत बोटाएवढा होता. ठिपकीच्या दुपट्याच्या कोपऱ्यात दुहेरी शिवण होती. ती उसवून त्यांनी क्रूस आत सरकवला आणि शिवण पुन्हा घातली. प्रभूने बाळाजवळ राहावे एवढाच त्यांचा हेतू होता.

रविवारी सकाळी गारठा होता. आजींनी ठिपकीला आधीच दुपट्यात गुंडाळले आणि ते गाठोडे तसेच माझ्यावर ठेवले. रिकाम्या दुपट्याचे शून्य कोणी बघितले नाही. डाव्या कोपऱ्यात काहीतरी टणक आणि थंड टेकले. बाळाचा कुठलाही भाग इतका थंड नसतो. मित्रांनो, मला कळले होते. पण मी काय करणार? पारड्यावर जे असेल ते सगळे मिळून मला सांगावे लागते. मी सांगितले: एक किलो आठशे पन्नास.

आई रडू लागली. बाप तीन वेळा म्हणाला, "चाळीस ग्रॅम वाढली. एका दिवसात." आजी तशाच चर्चला गेल्या आणि उपासनेत उभ्या राहून त्यांनी साक्ष दिली की देवाने नात वाढवली. सगळ्या मंडळीने आभार मानले.

इतक्या आनंदात मी एकटाच भयभीत होतो. कारण त्या दिवसापासून ठिपकीला झोपू दिले गेले. "वाढतेय ना आता, कशाला उठवता?" आजी म्हणत, आणि दोन तासांचे तीन होत, तिनाचे चार होत. माझ्या पारड्यात तिची हालचाल मला कमी कमी जाणवू लागली. आधी ती पाय ताणत असे. आता नुसती पडून राही.

पुढेही शून्य न बघता गाठोडेच माझ्यावर ठेवले जाई. सोमवारी मी अठराशे तीस सांगितले, मंगळवारी अठराशे वीस.

"हा काटाच बिघडलाय," किल्लीवाला म्हणाला. "इतकी वर्षं अडगळीत होता, धार गेली असणार. थांब, खोलून बघतो." त्याने दुकानातून पेचकस आणला. कुलपे उघडणारी बोटे माझ्या दांडीकडे येताना पाहून मला कापरे भरले. ती धार एकदा हलली, की मी कधीच खरे सांगू शकलो नसतो.

"अहो, थांबा," बायको म्हणाली. "खोलायच्या आधी रिकामा बघू. सिस्टर काय म्हणाल्या होत्या? आधी रिकामं दुपटं."

तिने ठिपकीला छातीशी घेतले. बापाने दुपटे अंथरले आणि दोन्ही वजने शून्यावर आणली. दांडी वर जाऊन थडकली. त्याने लहान वजन हळूहळू सरकवले. एक रेघ, दोन, तीन, चार. दांडी तरंगली.

"बाळ नाही," तो म्हणाला, "आणि चाळीस?"

त्याने दुपटे उचलून कडेकडेने चाचपले. कोपऱ्यात त्याचा अंगठा थांबला. आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

कोणाला वजाबाकी सांगावी लागली नाही. अठराशे वीसमधून चाळीस गेले, की सतराशे ऐंशी राहतात. ठिपकी घरी आली होती त्यापेक्षा हलकी झाली होती.

"मी घातला," आजी म्हणाल्या. "तिला राखायला घातला. आणि मीच तिला उपाशी..."

मला वाटले, आता सून काय बोलेल कोणास ठाऊक. तिने ठिपकीच्या टोपड्यावर गाल टेकला. मग ती म्हणाली, "आई, तो क्रूस माझ्या गळ्यात बांधा. माझं वजन कितीही वाढू दे, मला कुणी तोलत नाही. आणि चमचा आणा. वेळ झालीय."

निरोप मिळताच नर्सबाई तासाभरात आल्या. त्यांनी ठिपकीचा ताप पाहिला, छाती ऐकली, लंगोट ओला आहे ना ते विचारले. "तशी बरी आहे. पण शुक्रवार तो शुक्रवार," त्या म्हणाल्या. "त्याआधी दूध घेईनाशी झाली किंवा अंग गार लागलं, तर माझी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. एरवी छातीशी बांधून ठेवा, उघड्या अंगाला उघडं अंग. आईनं, बापानं, आजीनं, आळीपाळीनं."

"माझ्या छातीवर केस आहेत," किल्लीवाला म्हणाला.

"मग तिला गादी मिळाली," नर्सबाई म्हणाल्या.

दुपारी चर्चचे पाळक आले. साक्ष चुकीची होती, असा निरोप आजींनीच त्यांना पाठवला होता. ते बाहेरच चपला काढून उभे राहिले. "कशासाठी प्रार्थना करू, बाई?"

"आधी चमचे उकळा, पास्टर," ठिपकीची आई म्हणाली. "ते राहिलेत."

पाळकांनी बाह्या दुमडल्या आणि चमचे उकळले. आजी त्यांच्या बाजूला मान खाली घालून उभ्या होत्या. "माझा विश्वासच कमी पडला," त्या पुटपुटल्या. "तिला आकडा मागते म्हणून बोलत होते, आणि आकड्याला मीच भ्याले."

"प्रभूचा शिष्य थोमा आठवतो ना, आजी?" पाळक चिमट्याने चमचे काढत म्हणाले. "प्रभू मेलेल्यांतून उठलाय हे त्याच्या जखमा बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणाला. प्रभूनं त्याला बाहेर नाही काढलं. बघ म्हणाला, हात लाव म्हणाला. त्याला खरं बघायला मागितलेलं चालतं." मग त्यांनी कप मागितला, कारण चमचे ठेवायला जागा नव्हती. जाताना चार ओळींची प्रार्थना केली आणि पुन्हा येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते खरेच आले, आणि पुन्हा चमचेच उकळले.

ते तीन दिवस मी टेबलावरून बघत होतो. ठिपकी दूध तोंडात धरून झोपी जाई. मग तळपाय चोळायचा, कानामागे ओले बोट लावायचे, थांबायचे, पुन्हा चमचा. एक वाटी संपायला इतका वेळ लागे की ती संपते तोच पुढची वेळ येई. आधी आईची प्रार्थना लांब असे, रडत रडत केलेली. आता ती चमच्याएवढी झाली. "प्रभू, हा एक." चमचा आत. "प्रभू, हा एक." कधी ठिपकी सगळे ओकून टाकी. तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून उभी राही. मग आजी म्हणत, "दे, आता मी," आणि त्याही तसेच म्हणत. त्यांच्या प्रार्थनेत आता प्रवासी येत नव्हते.

भीती कोणाचीच गेली नाही. आईचे हात शेवटपर्यंत कापत होते, त्यामुळे चमचा अर्धाच भरायचा असे तिने ठरवले होते. मित्रांनो, मी आयुष्यभर तोल सांभाळत आलो. पण कापत्या हाताने अर्धा चमचा न सांडता पुढे नेणे आणि ते पुन्हा पुन्हा करणे मी त्याच घरात पाहिले. ते बळ त्या कुठून आणत होत्या, हे त्यांनी लपवले नाही. दर चमच्याला मोठ्याने सांगत होत्या.

बुधवारी आणि गुरुवारी त्यांनी मला हात लावला नाही. नर्सबाईंनीच तसे सांगितले होते. दूध पाजायचे ते पाजा, काट्याला मध्ये आणू नका.

तुमच्या घरी, शाळेत, दुकानात माझ्यासारखा एखादा काटा असेल. त्याच्या धारेला गंज चढू देऊ नका. त्याच्यावर बाटल्या ठेवू नका. आकडा आवडला नाही म्हणून पेचकस आणू नका, आणि आवडला म्हणून लगेच खराही मानू नका. काहीही तोलण्याआधी तो रिकामा असताना एकदा बघा. प्रेमाने ठेवलेली वस्तूसुद्धा वजनदार असते, हे काट्याला कळते, पण सांगता येत नाही. आणि तोलून झाल्यावर, आकडा कसाही असो, चमचा हातात घ्या.

शुक्रवारी सकाळी नर्सबाई आल्या. त्यांनी रिकामे दुपटे अंथरले. दांडी शून्यावर तरंगली. आईने ठिपकीला छातीवरून सोडून माझ्यावर ठेवले. ठिपकीने दोन्ही पाय ताणले, त्यामुळे मी बराच वेळ थरथरत राहिलो. नर्सबाई लहान वजन एकेक रेघ पुढे सरकवत गेल्या. अठराशे वीसची रेघ मागे पडली. आजींनी डोळे मिटले नाहीत.

एक किलो आठशे तीस ग्रॅम.