शिटीनंतरचं गाणं

संघदीपचे समोरचे दोन दात उद्या अकरा वाजता निघणार होते, आणि दात गेले की ट्रम्पेट गेलं. ओठ टेकवायला मागं काही हवं ना! सव्वीस वर्षं यवतमाळच्या वरातींपुढं फुंकून फुंकून तो थकला होता. खरं सांगायचं तर पार विटला होता. पण एक गाणं तेवढं राहिलं होतं.

गाणं क्षितिज नावाच्या पोराच्या बँडचं. लग्नातला बँड नव्हे हो, स्का पंक! गिटार उलट्या ठेक्यावर उड्या मारते, ड्रम मागं कुत्रं लागल्यासारखा पळतो आणि वरून ट्रम्पेट. या पोरांचा पहिला अल्बम होत होता; आठातली सात गाणी झाली होती. स्टुडिओ कसला, क्षितिजच्या वडलांचं गॅरेज. भिंतींना गाद्या बांधलेल्या, आवाज नको म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. माणूस उकडून मेला तरी चालेल!

आठव्या गाण्यात मधेच मिरवणूक अडवणाऱ्या पोलिसाची शिटी होती. ड्रमवाल्या निकितानं ती ठेक्यासोबत आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली. हेडफोनमध्ये शिटी वाजली, की संघदीपचं ट्रम्पेट खाली. चारदा वाजवलं, चारदा तेच.

"काका, काहून थांबता हो?" क्षितिज वैतागला. "खरी मजा तं शिटीनंतर आहे!"

"मी कुठी थांबून राह्यलो? हात थांबते." संघदीप मटकन खुर्चीत बसला. हिरडीतून रक्ताची चव येत होती. "वरातीत बँडमास्तरची शिटी वाजली का बंद. नवरदेव मांडवात पोचला, मंग तुमचं गाणं कोण आयकते? सव्वीस वर्षांत एक गाणं पुरं वाजवलं नाही, पोरा. एकबी नाही."

बोलला आणि त्याचं त्यालाच फार वाईट वाटलं.

"मंग शिटीच काढून टाकू का, काका?" निकितानं हळूच विचारलं.

"राहू दे तिले. तिच्या तोंडावर वाजवतो."

पाचव्यांदा तो उभा राहिला. वरातीतल्यासारखे पाय जागच्या जागी चालू लागले. शिटी आली. हात उतरायला लागला, तसं त्यानं ट्रम्पेट ओठांवर असं दाबलं की दातातून कळ डोक्यात गेली. बोंबल लेका, तो मनातल्या मनात शिटीला म्हणाला, आणि फुंकत राहिला.

गाणं संपलं. क्षितिजनं हेडफोन काढला, तरी संघदीपचं ट्रम्पेट ओठांवरच.

"झालं, काका. उतरवा."

"शिटी?"

"आता कायची शिटी? गाणं सरलं."

संघदीप खाली बसला. रुमालानं ओठाचं रक्त पुसलं.

"असं सरते का ते? आपल्याच मनानं?" त्यानं रुमाल खिशात कोंबला. "आखीन एकडाव लाव, बापा. उद्या अकराले टाइम आहे."