ढब्बूच्या कानातली भुतं

वखारीच्या फाटकाशी झुंबड उडाली होती. आत ढब्बू कुत्र्याला साखळीने खांबाला जखडलं होतं, तोंड दोरीने आवळलं होतं. तरी तो डोकं खांबावर आपटतच होता. उजवा कान रक्ताने माखला होता.

"बघा, भुतं कशी थयथयाट करतायत!" भुतं उतरवायला आलेले फुंकरबाबा गरजले. गर्दीने हात जोडले. एवढं जग सोडून भुतांना कुत्र्याच्या कानात बिऱ्हाड का करावं लागलं, हे कुणी विचारलं नाही.

त्या सकाळी वखारवाल्या काकांनी ढब्बूचा कान कुरवाळला, आणि पिल्लू असल्यापासून त्यांच्या हातचं खाणाऱ्या ढब्बूने त्यांच्या मनगटाचा लचका तोडला. काका हादरले. बाबांना तेवढंच हवं होतं.

बाबांनी वेताची नळी कानाला टेकवली, गाल फुगवले आणि फुंकर मारली. खालच्या कापडावर पांढऱ्या अळ्या वळवळल्या. बायका किंचाळल्या.

"ही चिल्लर भुतं. म्होरक्या आत दडलाय. त्याला मार सोसत नाही. हाणा!"

काकांनी फळी उचलली. फटका बरगड्यांवर बसला. ढब्बूच्या आवळलेल्या तोंडातून घुसमटलेला आवाज आला. दुसऱ्या फटक्याला त्याचे पाय कोलमडले. काकूंनी तोंड फिरवलं.

"निघत नाही? मग सळई तापवा. कानात घातली की काम फत्ते," बाबा म्हणाले.

कुणीतरी खरंच शेगडीकडे धावलं. तेवढ्यात गर्दी रेटत काकांची सूनबाई आत शिरली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"मामंजी, फळी टाका! त्याचा कान ठणकतोय. डोकं झटकतो, कानाला कुबट वास येतो, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. दुखऱ्या जागी हात लागला म्हणून चावला तो!"

"मग अळ्या काय मी खिशातून काढल्या, बाई?" बाबा हसले.

"खिशातून नाही, नळीतून. तिच्यात पाणी ओता. आरपार गेलं तर मी तुमच्या पाया पडते."

"नळी भिजली की विद्या जाते!"

"का? विद्येला सर्दी होते?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. "ओता की बाबा, पाणीच तर आहे!"

सूनबाईने नळी धरली. बाबांनी हिसडा दिला. ती सोडेना, तशी त्यांनी तिला लाथ घातली आणि नळी तिच्या कपाळावर हाणली. काडकन आवाज झाला. नळी दुभंगली, आणि सूनबाईच्या खांद्यावर मूठभर अळ्या सांडल्या. पिठाला कीड लागली की होतात तशाच.

सगळे वाकून बघू लागले. नळीत एकामागे एक मेणाचे पातळ पडदे होते; टोकाचा फुटला होता, मागचा शाबूत होता. जोरात फुंकलं की एक पडदा फुटायचा आणि त्याच्यामागे भरलेल्या अळ्या बाहेर पडायच्या.

मग गर्दी बाबांवर तुटून पडली. त्यांचा दात पडला. काकांनी तीच फळी उगारली. रक्ताने डोळा भरलेली सूनबाई मध्ये घुसली.

"पोलिसांना बोलवा! मघाशीही हात चालवलात, आत्ताही हातच. डोकं कधी चालवणार?"

काकांच्या हातून फळी गळून पडली.

सूनबाईने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "दुपारी आणा. तोवर कानात काहीही घालू नका. तेल नाही, पाणी नाही, काडी नाही. माणसांची गोळीही देऊ नका. फक्त शांत ठेवा, आणि खाजवू देऊ नका," डॉक्टर म्हणाले.

ढब्बूच्या तोंडाची दोरी सुटली. सूनबाईने त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं, मानेभोवती जाड टॉवेल गुंडाळला आणि ओल्या मऊ फडक्याने कानाची फक्त बाहेरची पाळी हलकेच टिपली. ढब्बू गुरगुरला की ती हात मागे घ्यायची. काका दारातच उभे राहिले. त्यांना बघून ढब्बू भिंतीला चिकटला.

"मामंजी, जखम साबणाने धुवा, नळाखाली, भरपूर वेळ. मग लगेच इंजेक्शन घ्यायला जा."

काका गेले. जाताना रडत होते.

डॉक्टरांनी कान तपासला. आत जंतूंचा संसर्ग होता, पू झाला होता. शिवाय एक बरगडी मोडली होती. कान औषधाने बरा झाला. बरगडीला जास्त दिवस लागले. ती भुताने मोडली नव्हती.

मुक्या जिवाला दुखणं सांगता येत नाही, म्हणून ते ओळखण्याची जबाबदारी आपली. कुणी त्याच्या अंगात भूत दाखवलं, तर काठी उचलण्याआधी एक प्रश्न विचारा: हे खरं कशावरून? आणि तो प्रश्न ऐकून समोरचा चिडला, तर तेच उत्तर समजा.