ज्वारीच्या कोठीमागचं लाल अंडं

आठ वर्षं चतुराबाईनं लेकीला उंबरा ओलांडू दिला नव्हता. अंजलीनं जालन्याच्या शमुवेलशी, ख्रिस्ती माणसाशी, लग्न केलं आणि आईनं दार लावून घेतलं ते घेतलंच. शेवटी नवऱ्यानं, आश्रुबानं, दवाखान्यातून आल्यावर निक्षून सांगितलं, "आता मी मेल्यावर बोलावणार हायस का त्यान्ला?" म्हणून ईस्टरच्या जोडसुट्टीत लेक, जावई आणि दोन नातवंडं दिंद्रुडला आली. या खेपेला बिनसलं तर यशोधरा आणि पप्पू पुन्हा दिसायचे नाहीत, हे चतुराबाईला पक्कं ठाऊक होतं. पण जावयावरचा संशय काही केल्या जाईना.

पहिल्याच दिवशी, शुक्रवारी, तो जेवला नाही. ताट पुढं आलं तर हात जोडले.

"त्यांचा आज उपास असतो, आई. येशूच्या दुखवट्याचा दिवस हाय," अंजली म्हणाली.

असेल बापडा, असं म्हणावं तर त्यानं चहालासुद्धा तोंड लावलं नव्हतं. आपल्या घरचं अन्न याला नको, हे चतुराबाईनं मनोमन ठरवून टाकलं. ठरवायला तिला फार वेळ कधीच लागत नसे.

शनिवारी दुपारी नवराबायको स्वयंपाकघराचं दार लोटून आत काहीतरी उकडत बसले. पप्पू हिरवी बोटं घेऊन बाहेर आला. तिनं विचारलं तर चार वर्षांचं ते पोर म्हणालं, "पप्पा म्हनले, आजीला सांगायचं न्हाई."

झालं! पाणी कुठंतरी मुरत होतं.

रविवारी उजाडता उजाडता तिला चाहूल लागली. डोळे किलकिले करून बघते तर जावई चोरपावलांनी घरभर हिंडतोय. कोठीमागं वाकला, शिलाई मशीनचा खण उघडला, आश्रुबाच्या बुटात हात घातला. तो मागं आंघोळीला गेला तशी ती उठली. कोठीमागं लाल अंडं होतं, त्यावर दोन काळे डोळे काढलेले. खणात पिवळं. बुटात हिरवं, त्यालाही डोळे.

करणी! विहारात बाया जमल्या की हीच बाई ठणकावून सांगायची, भानामती सगळी थोतांड हाय, बाबासाहेबांच्या लेकी असं मानत न्हाईत. आणि आता तिलाच ते खरं वाटत होतं. आठ वर्षांच्या अपमानाचा सूड घेतोय हा, तेही दुखणाईत माणसाच्या बुटात! तिनं घर धुंडाळून एकूण सहा अंडी चिमट्यानं उचलली, सुपात घातली आणि मागच्या नाल्यात भिरकावून दिली.

सात वाजता शमुवेलनं टाळ्या वाजवल्या. "चला पोरांनो, सणाचा खेळ! पप्पांनी घरात सहा रंगीत अंडी लपवलीत. ज्याला सापडंल त्याचं."

पोरं कोठीमागं घुसली, खण उपसले, बूट उलटे केले. काही नाही. पप्पूनं भोकाड पसरलं. सात वर्षांची यशोधरा बापाकडं डोळे बारीक करून बघायला लागली.

"पप्पा, तुमी लपवलीच न्हाईत. खोटं बोलता."

बाप बिचारा रिकाम्या बुटात पुन्हा पुन्हा हात घालत होता. चतुराबाईला धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

"मी टाकली," ती म्हणाली. "नाल्यात."

"कावून?" आश्रुबानं विचारलं.

"मला वाटलं, करणी केली कुणी."

अंजलीचा चेहरा उतरला. "कुणी, आई? कुणाचा संशय आला तुला?"

शेजारच्या भिवराबाईचं नाव तिच्या अगदी जिभेवर आलं. बांधावरून भांडणं होतीच. नाव घेतलं असतं तर सगळे हसले असते आणि प्रकरण मिटलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण समोर यशोधरा अजून बापाकडं तशीच बघत होती, आणि ते चतुराबाईला बघवेना.

"पप्पा खरं बोलतेत, बाई. म्या बघितलं त्यान्ला लपवताना," ती नातीला म्हणाली. मग मान खाली घालून बोलली, "जावायाचा संशय आला."

अंजलीनं तोंड फिरवलं. आता ही बॅग भरणार, चतुराबाईला वाटलं.

शमुवेलनं रडणाऱ्या पप्पूला कडेवर घेतलं. वाईट त्यालाही वाटलं होतं, ते लपत नव्हतं.

"मामी," तो सासूला म्हणाला, "पुढल्या साली तुमीच लपवा."

चतुराबाईला त्यातलं 'पुढल्या साली' एवढंच ऐकू आलं. ती सगळ्यांदेखत रडायला लागली.