दोष नसल्याची हमी

करारात कुणी ‘शक्यतो’ असा शब्द घातला की माझं डोकं फिरतं. शक्यतो म्हणजे कधी? ‘योग्य वेळी’, ‘साधारणपणे’, ‘आपसांत ठरवून’ हे सगळे त्याचेच भाऊबंद. आज गोड बोलून सह्या करणारी माणसं उद्या याच शब्दांवरून एकमेकांच्या उरावर बसतात. धंद्याचे करार लिहिणं हे माझं काम आहे. कुणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं आणि नाही केलं तर काय, एवढं प्रत्येक कलमात सापडलंच पाहिजे. मसुदा झाला की मी तो मोठ्याने वाचते आणि सही करणाऱ्याला एकेक कलम त्याच्या शब्दांत परत सांगायला लावते. लोक वैतागतात. वैतागू देत.

आईला मात्र माझी ही पद्धत आवडायची. तिचं अत्तराचं दुकान शेजारचा चष्मेवाला विकत घेणार होता, नावासकट आणि फळ्यांवरच्या मालासकट. करार मीच लिहायचा, हे तिने परस्पर ठरवून टाकलं. दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून आम्ही काउंटरच्या दोन बाजूंना बसलो. मी वाचत होते, ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी परत सांगत होती.

एक कलम तिने स्वतःहून घालायला लावलं होतं. यापुढे तिने अत्तर बनवायचं नाही. विकायला नाही, फुकट नाही, कुणासाठीच नाही.

चष्मेवाल्याने असलं काही मागितलंही नव्हतं. उलट तो म्हणाला होता, “काकू, सकाळी तासभर येत जा. माझ्या मुलीला हाताशी धरून शिकवा.” आईने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती, कुणाच्या हाताखाली यायला नको असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली. पण त्या कलमाखाली मी हळूच एक ओळ घातली होती: ‘घरच्या माणसांसाठी ही मनाई लागू नाही.’

“ही ओळ कुणी सांगितली?” आईने विचारलं.

“मी घातली. माझ्या वाढदिवसाची बाटली कोण देणार मग?”

लहानपणापासून दर वाढदिवसाला ती मला एक बाटली करून द्यायची. गुलाब, लिंबाची साल आणि मागे अगदी जरासं देवदार. मी दुसरं काही लावलंच नाही कधी.

“काट ती ओळ.”

“आई, माझ्यासाठीसुद्धा नाही?”

“तुझ्यासाठी तर नाहीच. काट म्हटलं ना.”

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी त्या ओळीवर इतक्या जोरात काट मारली की कागद फाटला. मग तोंड फुगवून पुढचं कलम वाचलं. ते प्रत्येक विक्रीत असतं, मी ते झोपेतही लिहीन: ‘विक्रेतीने मालातील कोणताही दोष खरेदीदारापासून लपवलेला नाही.’

“सांग तुझ्या शब्दांत.”

आई हातातल्या फडक्याने पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसत राहिली.

“सोपं तर आहे,” मी खेकसले.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली. “याच्यावर मी सही करू शकत नाही.”

“म्हणजे?”

“तो मोठा ताप आला होता ना मला, गेल्या वर्षी? तेव्हापासून मला वास येत नाही. कशाचाच नाही. वाटलं, येईल परत. तोवर हाताच्या सवयीने करत राहिले. ती वरची फळी आहे ना, ती सगळी तशीच केलेली.” तिने फडकं बाजूला ठेवलं. “तुझी बाटलीसुद्धा.”

अशा वेळी मला जे आधी सुचतं तेच सुचलं. मी पेन उचललं आणि लिहिलं: ‘विक्रेतीची वास घेण्याची क्षमता काहीशी कमी झाल्याने वरच्या फळीवरील माल...’

आई उलट्या बाजूने वाचत होती. “काहीशी म्हणजे किती गं?” तिने विचारलं, अगदी माझ्याच सुरात.

मी खोडलं. पुन्हा लिहिलं आणि माझी पद्धत म्हणून मोठ्याने वाचायला लागले. ‘विक्रेतीला गेल्या वर्षापासून वास येत नाही. त्या काळात बनवलेला, वरच्या फळीवरील सर्व माल या विक्रीतून वगळला आहे.’ आयुष्यात इतकं स्वच्छ वाक्य मी लिहिलं नव्हतं, आणि एखादा ‘शक्यतो’ कुठे बसतोय का, म्हणून मी त्यात जागा शोधत होते.

“सांग तुझ्या शब्दांत,” असं मी काही म्हटलं नाही. तिने आपणहूनच सांगितलं.

“मला वास येत नाही,” आई म्हणाली. “मी खराब माल विकणार नाही. बरोबर?”

“बरोबर.”

तिने काउंटरवरून हात लांब करून माझं मनगट धरलं आणि नाकाशी नेलं. लहानपणी शाळेतून आले की न्यायची तसं. डोळे मिटून बराच वेळ तशीच राहिली.

“लावलंयस ना?”

“रोज लावते.”

“कसं झालंय? खरं सांग.”

गेल्या वाढदिवसाला बाटली उघडली तेव्हाच मला कळलं होतं, काहीतरी बिघडलंय. वय झालं, लक्ष नसेल, असं वाटलं. ‘फर्स्ट क्लास’ म्हणून मी तिला मिठी मारली होती.

“कडू येतं, आई. आधी गुलाब येतो, मग नुसतं कडू.”

तिने डोळे उघडले. चेहरा पूर्वीसारखा झाला, दुकान ऐन भरात असतानाचा.

“देवदार जास्त पडलं,” ती म्हणाली. “लिंबाची साल आधी घालायला हवी होती. थांब, पुढच्या वेळी मी...”

तिची नजर त्या काट मारलेल्या, फाटलेल्या ओळीवर गेली. माझं मनगट तिने हळूच कागदावर ठेवलं.

“सही कुठे करायची?” तिने विचारलं.