कंडक्टर सोडून

लेखी कबुली घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवून ती त्या रविवारी सकाळी तलावाकाठच्या क्लबवर गेली. क्लब म्हणजे तरी काय, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. एका भिंतीशी पालथ्या घातलेल्या होड्या, दुसरीवर खिळ्यांना टांगलेली नारिंगी जाकिटं आणि चहाचे पेले, मधे एक टेबल आणि त्यावर वही. दर रविवारी शहरातली पंधरा-वीस माणसं इथे जमत. निम्मी काठाकाठाने टेकड्या चढत-उतरत पलीकडच्या बंधाऱ्यापर्यंत चालत जात, निम्मी होड्या वल्हवत. परतताना अदलाबदल. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. आईच्या भाषेत, घरात सुख बोचणारी मंडळी.

बाबा त्यांच्यात अकरा वर्षं होते. चाळीस वर्षं शहराच्या बसमध्ये कंडक्टरकी केली, निवृत्त झाले, आणि इथे येऊन पुन्हा कंडक्टरच झाले. सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत. चालताना शेवटचा माणूस ते, पाण्यात शेवटची होडी त्यांची. निघण्याआधी डोकी मोजून वहीत ‘निघाले’च्या खाली आकडा लिहायचा, सगळ्यांच्या मागून परत येऊन पुन्हा डोकी मोजून ‘परतले’च्या खाली. दोन्ही जुळल्याशिवाय चहाला स्वतः हात लावायचे नाहीत आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचे नाहीत.

तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी परतताना वारा सुटला आणि तलावातल्या बेटामागे, धक्क्यावरून दिसणार नाही अशा जागी, त्यांची होडी उलटली. जाकिटामुळे ते बुडाले नाहीत, होडीला धरून राहिले. तसल्या गार पाण्यात माणूस किती वेळ टिकतो, हे तिने नंतर तीन पुस्तकांत वाचलं. तिन्हींचं एकमत होतं. इकडे धक्क्यावर मोजणी झाली, आकडा जुळला, मंडळी चहा पिऊन घरोघर गेली. दुपारी तीन वाजता आईने फोन केला, “यांना अजून सोडलं नाही का तुम्ही?” तेव्हा कुठे शोधायला होडी निघाली.

त्या दिवशी मोजणी केली होती सेक्रेटरींनी. ते दातांचे डॉक्टर, बाबांचे जिवलग मित्र. लहानपणापासून तिचे डॉक्टरकाका. पोलिसांना त्यांनी एवढंच सांगितलं होतं की घाईत मोजदाद चुकली. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. चूक जिथे झाली तिथेच, समासात, सहीनिशी दुरुस्त व्हायला हवी, एवढं एकच शास्त्र तिला येत होतं. तेवढ्यासाठी ती आली होती.

आज बाबांच्या आठवणीत फेरी होती. नव्या होडीला ‘कंडक्टर’ नाव द्यायचं ठरलं होतं, रंग अजून ओला होता.

“आलीस, बरं केलंस,” डॉक्टरकाका म्हणाले. मग त्यांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. “चालायचे बूट नाही आणलेस?”

“मी चालायला नाही आले, काका. वही बघायला आलेय.”

“आधी चहा घे बाई,” सिस्टरमावशी मधे पडल्या. इस्पितळात नर्स होत्या, आता क्लबचा चहा त्यांच्याकडे होता. “चेहरा बघ केवढा उतरलाय.”

“आकडा जुळायच्या आधी इथे चहा नसतो ना, मावशी?”

मावशींनी पेला होता तसा खाली ठेवला.

“वही कुठेतरी आत असेल,” काका म्हणाले. “नंतर शोधून देतो.”

“तुमच्या कोपराखाली आहे.”

त्यांनी कोपर उचललं. तिने पान काढलं. तारीख, आणि खाली दोन आकडे. निघाले, चौदा. परतले, चौदा. उजवीकडचा आकडा काकांचा, औषधाच्या चिठ्ठीवरच्यासारखा. डावीकडच्या चौदातल्या चाराचं शेपूट लांब होतं, धावत्या बसमध्ये लिहिल्यासारखं. ते अक्षर ती अंधारातही ओळखली असती.

ती पाहतच राहिली. पोलिसांच्या कागदावर पंधरा नावं होती. काकांनी न मोजताच पंधरा लिहून टाकले असतील, असं ती तीन महिने धरून चालली होती. पण परतलेले खरोखरच चौदा होते. काकांचा आकडा बरोबर होता.

“बाबांनी चौदा का लिहिलं?”

काकांनी भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. “माझ्या पंच्याहत्तरीची फेरी. बंधाऱ्यावरच्या रखवालदाराने काढलाय. मोज किती आहेत.”

“बारा.”

“आता वहीत बघ.”

तिने पानं उलटली. अकरा.

“स्वतःला धरायचेच नाहीत ते,” काका म्हणाले. “कंडक्टर प्रवाशांत स्वतःला मोजतो का? निघताना तेच मोजायचे, परतल्यावर तेच. त्यामुळे जुळायचं. त्या दिवशी सगळे गारठले होते. म्हटलं, ते येईपर्यंत आपण मोजून ठेवू, तेवढंच त्यांचं काम हलकं. मोजले. मला धरून चौदा. वहीत चौदा.”

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी.”

“आणि तीन महिने गप्प बसलात? आई तुम्हाला दारात उभं करत नव्हती तरी?”

“काय सांगायचं होतं? गेलेल्या माणसाच्या माथी मारायचं?” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “म्हटलं, शिव्या खाऊ. दात काढताना तशाही खातोच.”

हा चांगुलपणा होता, तिला समजत होतं, आणि तोच तिला सोसवेना. तीन महिने जो राग तिने पोटच्या पोरासारखा सांभाळला होता, त्याला आता जायला घर उरलं नव्हतं. तिला छत्र्या आठवल्या. पावसाळ्याआधी बाबा छत्र्या आणायला जायचे आणि दोनच घेऊन यायचे. तिसरं डोकं त्यांच्या लक्षातच यायचं नाही. आई हे आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची. तीही हसायची. एकदाही कुणी म्हणालं नव्हतं, जा, तिसरी घेऊन या.

तिची नजर खिळ्यांकडे गेली. ओळीने पेले, आणि शेवटच्या खिळ्यावर कड उडालेला निळा, बाबांचा.

“आणि हा, काका? सगळ्यांनी चहा घेतला. हा इथेच लटकत होता. कुणालाच दिसला नाही?”

बोलल्या मावशी, पेल्याकडे न बघता. “मला दिसला. हातात घेतला होता मी तो. वाटलं, घाईत गेले असतील परस्पर. आकडा जुळला होता ना.”

तिने पर्समधून तांबडं पेन काढलं. बाबांच्या चौदावर एक सरळ रेघ मारली, समासात पंधरा लिहिलं आणि खाली सही केली.

“ही त्यांची चूक. मी दुरुस्त केली,” तिने पेन पुढे केलं. “आता शेजारी तुमची.”

“माझा आकडा बरोबर आहे, बाळ.”

“आकडा बरोबर आहे. लिहा, चेहरे पाहिले नाहीत.”

काकांनी पेन घेतलं. वहीवर वाकले. टोक कागदाच्या वर बोटभर अंतरावर थांबलं आणि थांबूनच राहिलं. बाहेरून कुणीतरी हाक दिली, “चला हो डॉक्टर, ऊन चढतंय.” त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“आल्यावर लिहितो,” ते म्हणाले. “नक्की लिहितो.”

वही बगलेत मारून ते बाहेर गेले. फाटकाशी जाकिटं चढवून मंडळी उभी होती. काकांनी बोट हलवत ओठातल्या ओठात डोकी मोजली आणि वही गुडघ्यावर टेकवून लिहिलं.

“बावीस,” ते मोठ्याने म्हणाले.

ती निळा पेला खिळ्यावरून काढून दारात येऊन उभी होती.

“तुम्हाला धरून की सोडून, काका?”

काकांनी वहीकडे बघितलं. मग लोकांकडे. रांगेत कुणी तरी खोकलं. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं.

“एक,” त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि बोट कुणाकडे करायचं ते न कळून हवेतच धरलं.

ती त्यांच्या शेजारून निघून चढावरच्या बसथांब्यावर गेली. बस यायला वीस मिनिटं लागली. वळणावर तिने खिडकीतून खाली पाहिलं. नवी होडी काठावर कोरडी पडून होती, आणि फाटकाशी नारिंगी जाकिटं अजून तशीच उभी होती.